पिंजऱ्यातली मुनिया, माळावरचा चंडोल

दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून मिळणारे रंगीत पक्षी बहुधा मूळ ऑस्ट्रेलियाचे बजरीगर असतात. ते पिंजऱ्यातच जन्मतात. पण त्याच दुकानात मागच्या बाजूला मुनिया किंवा पोपट दिसला, तर मामला वेगळा! तो आपल्या रानातला. भारतीय रानपक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे नुसतं मारणं नव्हे. जाळ्यात पकडणं, अंडी नासवणं हेही त्यातच येतं. २०२२ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्याच्या दंडाची मर्यादा २५ हजारांवरून १ लाखावर नेली.

आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचा यात काय संबंध? कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य काळविटांसाठी प्रसिद्ध आहे. क्षेत्रफळ जेमतेम २.१७ चौ. कि.मी. पण माळाचे खरे गवई म्हणजे चंडोल. डोंबारी चंडोलाचा नर उंच चढतो, शीळ घालत खाली सूर मारतो आणि जमीन जवळ आली की पुन्हा वर! घरटं मात्र उघड्या जमिनीवर. मुनिया तर थव्याने गवताचं बी टिपतात, म्हणजे एका जाळ्यात अख्खा थवा.

आता थोडं गणित. समजा पकडताना, वाहतुकीत आणि दुकानात, अशा तीन टप्प्यांवर प्रत्येकी ८० टक्के पक्षी जगतात (आकडा फक्त उदाहरणासाठी). ०.८ चा घन ०.५१२. म्हणजे पिंजऱ्यात एक दिसतो तेव्हा माळावरून दोन गेलेले असतात.

काहीजण पुण्य म्हणून पक्षी विकत घेऊन सोडतात. भावना चांगली, पण दुकानदाराच्या वहीत ती विक्रीच! उद्या पुन्हा जाळं लागतं.

आणखी एक गोष्ट. या पक्ष्यांची पिल्लं थोरांचं ऐकून गाणं शिकतात. ऑस्ट्रेलियात अधिवास गेल्यामुळे रीजंट हनीईटर हा पक्षी विरळ झाला. शिकवायला थोर नर उरले नाहीत, म्हणून काही तरुण नर चक्क दुसऱ्याच जातींची गाणी म्हणतात, असं २०२१ च्या संशोधनात आढळलं. नर पकडून नेले तरी परिणाम तोच होऊ शकतो.

अशा गुन्ह्यात बोट चटकन पारध्यांकडे जातं. १८७१ च्या कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला, लोकांच्या मनातून नाही. गिऱ्हाईक कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

तेव्हा दुकानात मुनिया दिसली तर घासाघीस नको, सोडण्यासाठी विकत घेणंही नको. वनविभागाची हेल्पलाइन आहे : १९२६.