कोयनेलचें कुंपण

बागेच्या कडेनें कोयनेल लावणारा मनुष्य पहिल्या वर्षीं बहुधा एक चूक करतो. ती माझ्याही हातून घडली आहे. रोपें जोमानें वाढूं लागलीं कीं त्यांस कात्री लावण्यास मन धजत नाहीं. दोन पावसाळे मीं शेंडे राखले. कुंपण पुरुषभर उंच झालें. परंतु बुडाशीं नुसत्या काड्या उरल्या, आणि त्यांतून शेजारची शेळी करडांसह आंत येऊन गुलाब फस्त करूं लागली. कोयनेलच्या कडू पानांस मात्र तिनें तोंड लावलें नाहीं!

कोयनेल हें मूळचें समुद्रकांठचें व खाडीलगतचें झुडूप. त्यामुळें खाऱ्या पाण्याची त्यास फारशी तमा नसते, व बाराही महिने तें हिरवें राहतें. मृगाचा पाऊस पडतांच दीड फूट रुंद व तितकाच खोल चर खणून त्यांत कुजलेलें शेणखत घालावें. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या जून काड्या फूटभर अंतरानें दोन ओळींत लावाव्या. दुसऱ्या ओळींतील काडी पहिल्या ओळींतील दोन काड्यांच्या मधोमध यावी.

फूटभर वाढ झाली कीं ती निर्दयपणें निम्मी छाटावी. वाढत्या शेंड्यांत ऑक्सिन नांवाचें द्रव्य उत्पन्न होतें. तें खोडांतून खालीं उतरतें व त्याच्या प्रभावानें पानांच्या बेचक्यांतील डोळे फुटत नाहींत. १९३३ सालीं थिमन व स्कूग या शास्त्रज्ञांनीं याविषयींचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. बाकल्याच्या रोपाचा शेंडा खुडून त्या जागीं हें द्रव्य लावलें असतां, शेंडा नसूनही बाजूचे डोळे निजलेलेच राहिले. कात्रीनें शेंडा गेला म्हणजे हा धाक नाहींसा होतो, व बुडापासून फांद्या फुटतात.

पुढें कुंपण बुडाशीं रुंद व माथ्याशीं अरुंद ठेवावें. नाहीं तर वरचीं पानें ऊन अडवितात व खालचीं गळतात. कात्री चालवितांना हात नकळत बाहेर सुटतो, यास्तव खुंट ठोकून दोरी ताणणें बरें. पावसाळ्यांत तीन-चार आठवड्यांनीं छाटावें. वैशाखांत खोल छाटणी नको. आंतील कोवळीं पानें उन्हानें करपतात.

माझें कुंपण मीं तिसऱ्या वर्षीं जूनमध्यें गुडघ्याखालीं कापलें. पाहणारे हळहळले, बागेस तात्पुरत्या बाभळीच्या कांट्या लावाव्या लागल्या. दसऱ्यास मात्र बूड असें भरलें होतें कीं मांजरही आंत येईना. मोरपंखीवर हा प्रयोग करूं नये. तिच्या जुन्या, पर्णहीन लांकडास सहसा पुन्हां फूट येत नाहीं.