दारावरचा पहारेकरी आणि न सापडलेले नाव

वार्षिक अंकात कथा-कवितांच्या शेजारी संगणकाच्या पहाऱ्यावरचा लेख पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. मी स्वतः तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी. यंत्रशास्त्राशी माझा संबंध बेताचाच. परंतु गेल्या वर्षी ‘कमवा आणि शिका’ योजनेखाली संगणक कक्षात काम करताना माझ्या हातून एक चूक घडली. नाव आणि वस्तू यांच्या संबंधाविषयी वर्गात जे नुसते ऐकले होते, ते त्या चुकीने मला नीट समजावले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम घटना सांगते. आमच्या कक्षात एक जुना सर्व्हर आहे. त्यावर मागील अनेक वर्षांच्या प्रश्नपत्रिका साठवलेल्या आहेत आणि वाचनकक्षातील संगणकांवरून त्या उतरवून घेता येतात. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाचनकक्षातील एकाही संगणकाला सर्व्हर आत घेईना. जोडणी होई, काही सेकंद जात आणि एक अक्षरही न बोलता ती तुटे. दाराशी दहा-बारा विद्यार्थी ताटकळत उभे. मी घाईघाईने परवानगीच्या यादीत ‘सर्वांना, सर्व सेवांसाठी प्रवेश’ असे लिहून टाकले. प्रश्नपत्रिका मिळाल्या, मंडळी खूश झाली, मीही खूश झाले. दुसऱ्या दिवशी सरांनी ती ओळ पाहिली आणि म्हणाले, “अगं, कुलूप अडकलं म्हणून तू दारच काढून ठेवलंस की!”

हे कुलूप कसले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक अंकपत्ता असतो. समजा, १९२.०.२.२५. माणसाला अंक लक्षात राहत नाहीत म्हणून यंत्राला नावही देतात. त्यालाच होस्टनेम म्हणतात. आर्पानेटच्या काळात अशा सर्व नावांची एकच यादी असे. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एस.आर.आय. या संस्थेच्या माहिती केंद्रात एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. यंत्रे वाढली तशी एक यादी पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डी.एन.एस. ही पद्धत मांडली. तीत प्रत्येक संस्था आपापल्या नावांचा हिशेब आपल्या नेमसर्व्हरवर ठेवते आणि विचारणाऱ्याला उत्तर देते.

आता पहारेकरी. नेदरलँड्समधील आइंडहोवेन तंत्रविद्यापीठात १९९० च्या सुमारास एक अज्ञात घुसखोर यंत्रांत शिरून फाइली पुसून टाकत असे. त्याचा माग काढण्यासाठी वीत्सा व्हेनेमा यांनी ‘टी.सी.पी. रॅपर’ हा छोटासा प्रोग्राम लिहिला. मूळ सेवेला हात न लावता तो तिच्या दारात बसतो, येणाऱ्याची नोंद करतो आणि दोन याद्या पाहून निर्णय देतो. आधी परवानगीची यादी. तीत जुळले तर प्रवेश. नंतर मनाईची यादी. तीत जुळले तर नकार. दोहोंतही जुळले नाही, तर प्रवेश! हा तिसरा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे. आमच्या जुन्या सर्व्हरवर हाच पहारेकरी होता.

याद्यांमध्ये अंक लिहिता येतात, तशी नावेही लिहिता येतात. परंतु दाराशी येणारा केवळ अंकपत्ता घेऊन येतो. त्यावरून नाव काढण्यासाठी पहारेकऱ्याला उलटा शोध घ्यावा लागतो. त्याची रीत मौजेची आहे. आपण पाकिटावर पत्ता लिहितो तेव्हा आधी व्यक्ती, मग घर, गाव, तालुका, जिल्हा. यंत्राचे नावही असेच लहानाकडून मोठ्याकडे जाते. अंकपत्ता मात्र जिल्ह्यापासून सुरू होतो. म्हणून शोधताना अंक उलट क्रमाने मांडतात, २५.२.०.१९२ असे, आणि त्यांना ‘इन-ॲडर.आर्पा’ हे शेपूट जोडून नेमसर्व्हरला विचारतात.

येथेच माझी पहिली फसगत झाली होती. त्या संध्याकाळी मी माझ्या टेबलावरील संगणकावर वाचनकक्षातील एका यंत्राचे नाव घालून विचारले होते आणि योग्य अंक मिळाला होता. ‘नावाचा शोध ठीक चालतो आहे’ असा निष्कर्ष काढून मी मोकळी झाले. वास्तविक सर्व कावळे काळे असले, म्हणून सर्व काळे पक्षी कावळे ठरत नाहीत, हे तर्कशास्त्राच्या पहिल्याच महिन्यात आम्ही शिकलो होतो. नावावरून अंक सांगणारी नोंद आणि अंकावरून नाव सांगणारी नोंद या दोन निरनिराळ्या नोंदी आहेत. पुष्कळदा त्या निरनिराळ्या लोकांच्या ताब्यात असतात. एक बरोबर असली, म्हणून दुसरी असेलच असे नाही.

याच कारणाने पहारेकरी उलट्या शोधात मिळालेल्या नावावर लगेच विश्वास ठेवत नाही. एखाद्या घुसखोराच्या हाती आपल्या अंकांची उलटी नोंद असेल, तर तो तेथे दुसऱ्या कोणा विश्वासू यंत्राचे नाव लिहून ठेवील. म्हणून मिळालेले नाव पुन्हा सुलट विचारायचे आणि तोच अंक परत येतो का, हे पाहायचे. न आल्यास तो पाहुणा संशयित. रॅपरच्या नेहमीच्या मांडणीत अशाला याद्या पाहण्याआधीच वाटेला लावतात.

दुसऱ्या दिवशी सरांनी आधी माझी ती ओळ काढायला लावली आणि मग मला शेजारी बसवून तपास केला. तो क्रम पुढीलप्रमाणे होता.

पहिली गोष्ट, नोंदवही. नकाराच्या ओळीत नाव आहे की नुसता अंक? नाव असेल तर शोध लागला आहे आणि दोष बहुधा यादीत आहे. नुसता अंक असेल तर नावाशीच घोडे पेंड खाते आहे. आमच्या नोंदवहीत सगळीकडे अंकच होते.

दुसरी गोष्ट, प्रश्न त्या सर्व्हरवर बसूनच विचारावा. माझा संगणक कोणाला विचारतो आणि सर्व्हर कोणाला विचारतो, हे वेगळे असू शकते.

तिसरी गोष्ट, दोन्ही दिशांनी विचारावे: अंकावरून नाव आणि त्या नावावरून अंक.

चौथी गोष्ट, योग्य साधन वापरावे. ‘डिग’ ही आज्ञा थेट नेमसर्व्हरला विचारते. यंत्रातल्या घरगुती ‘होस्ट्स’ फाइलकडे ती पाहत नाही. ‘गेटेंट’ मात्र इतर प्रोग्राम ज्या वाटेने जातात त्याच वाटेने जाते. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर ‘होस्ट्स’ फाइलीत एखादी शिळी ओळ राहिली आहे का, ते पाहावे.

पाचवी गोष्ट, वेळ. लिनक्समध्ये एका नेमसर्व्हरच्या उत्तरासाठी सामान्यतः पाच सेकंद थांबतात आणि असे दोन फेरे करतात. पहिला नेमसर्व्हर बंद असेल, तर प्रत्येक पाहुणा दाराशी खोळंबतो. मुदत संपून उत्तर आलेच नाही, तर नोंदणी असूनही तो अनामिक ठरतो.

शेवटी, यादीत बदल केल्यावर ‘टी.सी.पी.डी.मॅच’ या आज्ञेने पडताळा घ्यावा. अमुक सेवेसाठी अमुक पाहुणा आला तर काय होईल, हे ती आधीच सांगते.

अशा रीतीने दोष सापडला. सुटीत वाचनकक्षाला नवे अंक दिले गेले होते. सुलट नोंदी कोणीतरी बदलल्या. उलट्या तशाच राहिल्या. म्हणून ओळखीची यंत्रे अनोळखी झाली.

पण खरा धक्का पुढेच होता. त्याच सर्व्हरवर फाइली चढवण्याची दुसरी सेवा होती. ती सर्वांना खुली होती; केवळ व्हरांड्यातील, कोणीही बसावे अशा संगणकाला मनाई होती आणि ती मनाई नावाने लिहिलेली होती. त्या संगणकाचाही अंक बदलला होता. नाव सापडेना, म्हणून मनाईची ओळ जुळेना आणि तिसऱ्या नियमाप्रमाणे प्रवेश! तेथून आत येण्याचे प्रयत्न झाल्याचे नोंदवहीत होते आणि ते माझ्या ‘सर्वांना प्रवेश’च्याही आधीपासूनचे. संकेतशब्दामुळे काही बिघडले नाही, इतकेच. एकाच दोषाने घरच्यांना दाराबाहेर ठेवले आणि ज्याला रोखायचे त्याला मुकाट्याने आत घेतले. पहिल्याची तक्रार आली. दुसऱ्याची कधीच आली नसती. आणि मी काय केले? रोग रेड्याला अन् औषध पखालीला!

सरांनी उलट्या नोंदी दुरुस्त करवून घेतल्या आणि दोन्ही सेवांचे नियम अंकांत लिहिले. ‘१९२.०.२.’ असा टिंबाने संपणारा तुकडा लिहिला, की तो सबंध गट येतो. शिवाय दुसऱ्या सेवेलाही ‘ठरलेल्यांनाच प्रवेश, बाकी सर्वांना मनाई’ हाच नियम लावला.

टी.सी.पी. रॅपरचे दिवस आता सरले आहेत. ओपन-एस.एस.एच.ने त्याचा आधार २०१४ मध्ये काढला. रेड हॅटच्या २०१९ च्या आठव्या आवृत्तीतून तो वगळला गेला. परंतु प्रश्न संपलेला नाही. अपाचे या वेब सर्व्हरला नावावरून प्रवेश ठरवायला सांगितले, तर तोही असाच दुहेरी शोध घेतो. लिनक्सच्या ‘आयपीटेबल्स’मध्ये नाव लिहिले, तर ते नियम घालतानाच एकदा अंकात बदलले जाते, पुढे अंक बदलला तरी नियमाला त्याचा पत्ता नसतो.

नाव हे वस्तूच्या अंगी नसते. कोणीतरी ते सांगावे लागते. सांगणारा गप्प बसला, तर पहारेकऱ्याने काय करावे, हे आधीच ठरवून ठेवले पाहिजे. मी ते परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, दाराशी उभ्या असलेल्या मैत्रिणींकडे पाहत ठरवायला गेले. तेवढे वाचकांनी करू नये.