बोटीवर असं काय घडायचं?

प्रश्न : आमचं घर रामघाटापासून चार पावलांवर. पणजोबा विलायतेहून शिकून आले तेव्हा शिप्रेत स्नान करून, प्रायश्चित्त घेऊन मगच त्यांनी उंबरा ओलांडला, असं आजी सांगायची. बंदर येईपर्यंतच्या दिवसांत बोटीवर असं काय घडत असे? आणि शिकण्यासाठीच वेगळी बोट असते असं नातू म्हणतो, ते खरं का? – एक वाचक, उज्जैन

उत्तर : आजींचं सांगणं अगदी पटण्यासारखं आहे. बौधायन धर्मसूत्रात माणसाला पतित करणाऱ्या कृत्यांची यादी आहे आणि तिची सुरुवातच समुद्रप्रवासाने होते. त्यामुळे नदीकाठची शुद्धी ही त्या काळी परतीच्या प्रवासातली शेवटची पायरीच होती. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन आलेल्या गांधीजींना थोरल्या भावाने राजकोटला नेण्याआधी नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवलं होतं. तेव्हा पणजोबांसाठी शिप्रा ओघानेच आली. घाटावर तुमच्या घराण्याचे तीर्थपुरोहित असतीलच. मूळ गाव आणि आडनाव सांगून त्यांच्या वहीत चौकशी करून पाहा. कोण, कधी, कशासाठी आलं याची नोंद मिळाली तर मिळाली.

पण पाप नेमकं कुठे घडायचं? शास्त्र म्हणायचं समुद्रात. मला विचाराल तर ते घडायचं जेवणाच्या टेबलावर.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून एडन, सुएझ, पोर्ट सैद करत मार्सेयला दोन-तीन आठवड्यांत पोचता येऊ लागलं. पुढे फ्रान्समधून आगगाडी, नाहीतर तीच बोट जिब्राल्टरला वळसा घालून थेट इंग्लंड. पहिले काही दिवस बोट लागण्यात जायचे. जूनमध्ये निघालेल्यांचे तर विचारूच नका, कारण अरबी समुद्रात पावसाळा उभा असायचा. ओकाऱ्या थांबल्या की भूक लागायची, आणि खरी अडचण तिथे सुरू व्हायची. जेवणाची घंटा झाली की सगळे एका खोलीत, एका टेबलाशी. कोणी रांधलं, शेजारी कोण बसलंय, कोणत्या भांड्यातून आलं, काही विचारायची सोय नाही.

गांधीजींनी १८८८ मधली आपली फजिती मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. काटे-चमचे धरता येईनात, कोणत्या पदार्थात मांस नाही हे वाढप्याला विचारायचा धीर होईना. मग घरून आणलेल्या मिठाईवर आणि फळांवर खोलीतल्या खोलीत दिवस काढले. आपल्याकडच्या मुलांच्या डब्यात दशम्या असत. दुधात भिजवलेल्या, म्हणून सोवळ्याला चालणाऱ्या. पण दशमी दोन आठवडे टिकत नाही. सोवळं एडनपर्यंत पुरायचं, तिथून पुढे ज्याची त्याची हिकमत.

आनंदीबाई जोशींचा प्रवास याहून कितीतरी लांबचा. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या ‘सिटी ऑफ कलकत्ता’ बोटीने कलकत्त्याहून निघाल्या आणि इंग्लंडमार्गे ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, नवरा सोबत नाही, सोबतीला मिशनरी बाया. नऊवारी आणि शाकाहार सोडायचा नाही हे ठरवूनच त्या चढल्या होत्या. त्याच महिन्यात पंडिता रमाबाईही लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन मुंबईहून निघाल्या. त्यांचं प्रवासाचं पत्र ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून त्याच वर्षी छापलं गेलं. गंमत पाहा, आनंदीबाईंच्याच नवऱ्याने, गोपाळरावांनी, १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये भल्याभल्यांना चहा पाजून, बिस्किटं खाऊ घालून बाटवलं. रानडे आणि टिळक त्यात होते. बोटीवर न चढताच प्रायश्चित्ताची वेळ आली!

जेवण सोडलं तर बाकी दिवस कंटाळ्याचाच. डेकवर खुर्ची टाकायची, पत्रं लिहायची, पुढच्या बंदरात टपालात टाकायची. पश्चिमेकडे जाताना घड्याळ रोज थोडं मागे करायचं. एडनला पोरं बोटीभोवती पोहत येत आणि वरून फेकलेली नाणी बुडी मारून काढत. कोळसा भरायला लागले की खिडक्या बंद, तरी अंथरुणापर्यंत काळी भुकटी यायचीच. बोलायला माणसं मिळत ती मात्र नाना प्रांतांतली. ९ जून १९०६ रोजी सावरकर ‘पर्शिया’ बोटीने निघाले, तेव्हा सोबतच्या एका पंजाबी विद्यार्थ्याला घरच्या आठवणीने परत फिरावंसं वाटू लागलं. त्याची समजूत काढण्याचं काम सावरकरांकडे आलं. ती हकीकत ‘शत्रूच्या शिबिरात’मध्ये वाचायला मिळते. ती ‘पर्शिया’ पुढे १९१५ मध्ये भूमध्य समुद्रात पाणबुडीने बुडवली.

टेबलाची दुसरी बाजूही आहे, आणि ती प्रायश्चित्ताच्या गोष्टींत कधी येत नाही. बोटीवर पंगत नसते. ज्याने तिकीट काढलं, त्याची खुर्ची. ब्राह्मणाच्या मुलासाठी तो विटाळ असेल, पण ज्याला गावात कोणी पंगतीला बसवतच नव्हतं त्याने काय गमावलं? १९१३ च्या जूनमध्ये डॉ. आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ‘अँकोना’ बोटीने निघाले आणि जुलैत न्यूयॉर्कला पोचले. १९१७ मध्ये परतताना त्यांचं सामान आणि पुस्तकं दुसऱ्या बोटीवर होती, ती महायुद्धात बुडाली. स्वतः सुखरूप आले, नोकरीसाठी बडोद्याला गेले, तर राहायला जागा कोणी देईना.

आता नातवाचं. खरं आहे. ‘सेमिस्टर अॅट सी’ नावाचा अमेरिकी उपक्रम १९६३ पासून चालू आहे. विद्यार्थी अर्धं शैक्षणिक वर्ष जहाजावरच राहतात. जहाज समुद्रात असलं की वर्ग, मग रविवार असो की काही असो; बंदरात लागलं की वर्ग बंद आणि भटकंती सुरू. विषुववृत्त ओलांडलं की समुद्रदेवाचा सण करतात आणि हौशी मुलं-मुली चक्क डोक्याचं मुंडण करून घेतात. बंदर येण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून पैसे, पाणी, कपडे, रिक्षा, फसवणूक यांची शिकवणी होते. हे जहाज भारतात बऱ्याचदा कोचीला लागतं, आणि मुलांना पाच-सहा दिवसांत ताजमहाल, वाराणसी सगळंच उरकायचं असतं. त्यातलं कोणी तुमच्या घाटावर संध्याकाळच्या आरतीला येऊ म्हणालंच, तर कोचीहून उज्जैन रेल्वेने दीड दिवसाहून कमी नाही, हे त्या शिकवणीत घालायला हवं.