बटव्यातल्या बिया

म्हातारीच्या बटव्यात काय काय असते? ओवा, मेथ्या, बाळंतशोपा, अळीव, मोहरी, जायफळ, चिंचोके, बिब्बे. बहुतेक साऱ्या बियाच. यातले दोन-चार जिन्नस तरी आपल्या महाराष्ट्रात घरोघरी सापडतात. आज आपण त्यांचे गुण पाहू. अवगुणही पाहू, कारण ते फारसे कोणी सांगत नाही.

ओवा घ्या. पोट फुगले की चिमूटभर ओवा नि मीठ चावून वर कोमट पाणी प्यायचे. ओव्याला जो उग्र वास येतो, तो थायमॉल नावाच्या द्रव्याचा. हे द्रव्य जंतू मारते. दातांच्या औषधांतही ते घालतात. बाळंतिणीला खोबरे-गूळ घालून अळिवाचे लाडू देतात. अळिवात लोह असते. लाडू खुशाल द्यावेत.

आता मोहरी. पोराची दृष्ट काढताना मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकतात. तडतड झाली, की म्हणायचे, केवढी दृष्ट लागली होती! अहो, मोहरी फोडणीतही तडतडते. आतली ओल तापते, तिची वाफ होते, साल फुटते. फोडणीला काही कोणाची नजर लागलेली नसते. आईच्या जिवाला बरे वाटते म्हणून दृष्ट काढली, तर आमची ना नाही. पण पोर खोकत असेल, त्याला धाप लागली असेल, तर मिरचीचा धूर अगदी वाईट.

बिब्ब्याचे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. लिंबू-मिरचीबरोबर तो दाराला टांगतात. तिथे तो कोणाचे काही बिघडवत नाही. धान्याला कीड लागू नये म्हणून कणगीत टाकतात. त्याच्या आतली गोडंबी तर आपण आवडीने खातो. पण बिब्ब्याच्या सालीत काळे तेल असते, ते जाळते. पूर्वी परीट त्याच तेलाने कपड्यांवर खुणा करीत. कितीही धुतले तरी ती खूण जात नसे. असले तेल तान्ह्या बाळाच्या पोटावर लावायचे? पोट दुखते, मूल रडते, म्हणून बिब्बा घालणारे आहेत. कातडी भाजते, फोड येतात, ते पिकतात. मूळ दुखणे राहते तसेच. हे मुळीच करू नये.

गुंज लाल, टोकाला काळी. दिसायला फार गोजिरवाणी. सोनार तिने सोने तोलत. ९६ गुंजांचा तोळा होई. पण ती जहर आहे. पोराने चावून गिळली तर जिवावर बेतते. तिच्या माळा पोरांच्या गळ्यात नकोत. धोतऱ्याचे बीही तसलेच.

राहिला चिंचोका. विंचू चावला की चिंचोका दगडावर उगाळून दंशावर चिकटवतात. तो आपोआप गळून पडला म्हणजे विष उतरले, असे मानतात. आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. काळी इंगळी मोठी दिसते, म्हणून आपण तिला भितो. खरा घातक तो लहानसा लाल विंचू. कोकणात तो पुष्कळ. त्याचे विष हृदयावर जाते. दरदरून घाम सुटतो, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात. चिंचोका कातडीला चिकटलेला असतो आणि विष केव्हाच रक्तात गेलेले असते.

रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांवर प्राझोसिन नावाची गोळी वापरून पाहिली. त्यांचे हे काम १९८६ साली लॅन्सेट या विलायती साप्ताहिकात छापून आले. पूर्वी पुष्कळ माणसे दगावत. आता वेळेवर आलेला रोगी बहुधा वाचतो. सरकारने २०२२ साली त्यांना पद्मश्री दिली.

साप, विंचू किंवा कुत्रे चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करीत बसणे, हा आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा विंचू चावला की आधी १०८ क्रमांकावर फोन करावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठावा. घरातली म्हातारी चिंचोक्यासाठी हटूनच बसली, तर तो गाडीत लावा म्हणावे.