बिनतारी अ‍ॅक्सेस पॉइंट : तारेच्या बाजूची मांडणी

खरिपाच्या पेरण्या आटोपल्या की पीक विम्याच्या अर्जांची घाई सुरू होते. ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रापुढे रांग लागते. अर्ज भरला जातो, कागदपत्रांच्या प्रती जोडल्या जातात; परंतु अर्ज पाठविण्याच्या वेळी पडद्यावरील चक्र फिरतच राहते. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे शेतकऱ्यास सांगण्यात येते. मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही, आणि मुदत टळली की त्या हंगामाचे विमा संरक्षण हातचे जाते.

दर वेळी दोष दूरच्या सर्व्हरचाच असतो असे नव्हे. पुष्कळदा तो कचेरीच्या भिंतीवर बसविलेल्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या तारेच्या बाजूस असतो. हे यंत्र मोबाईल व लॅपटॉप यांना बिनतारी जोडणी देते खरे. पण त्यास स्वतःस इंटरनेट मिळते ते इथरनेटच्या केबलमधूनच. चारीत पाणी यावयाचे तर कालव्याचे तोंड नीट असावे लागते, तसेच हे आहे. वाय-फायची खूण पूर्ण दिसते, पण काहीच उघडत नाही, अशा वेळी प्रथम तारेची बाजू पाहावी.

केबल व जोड

तांब्याच्या इथरनेट केबलची एका टप्प्यातील लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी. कॅट-५ई किंवा त्यावरील प्रतीची केबल घ्यावी. हिच्यात तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिट वेगास दोनच जोड्या पुरतात. १००० मेगाबिट वेगास चारही लागतात. म्हणून एखादी तार उंदराने कुरतडली किंवा जोडात नीट बसली नाही, तर कधी कधी जोडणी बंद न पडता केवळ मंदावते आणि दोष ध्यानात येत नाही. विजेच्या वायरीस बिलगून केबल नेऊ नये. छपराबाहेरून न्यावयाची असल्यास बाहेरच्या वापराची केबल घेऊन अर्थिंगसह वीजरोधक बसवावा. वळवाच्या एका गडगडाटात यंत्र निकामी होऊ शकते.

तारेतूनच वीज

बहुतेक अ‍ॅक्सेस पॉइंटांना याच केबलमधून वीज देता येते. या पद्धतीस पीओई म्हणतात. तिच्या २००३ च्या मानकाप्रमाणे पुरवठ्याच्या टोकास १५.४ वॅट व २००९ च्या मानकाप्रमाणे ३० वॅट वीज मिळते. यंत्रास किती लागते हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. वीज अपुरी पडल्यास यंत्र मधूनमधून आपोआप बंद होऊन सुरू होते. काही यंत्रांना मात्र २४ व्होल्टचा निराळा पुरवठा लागतो. यास्तव एका यंत्राचा अडॉप्टर दुसऱ्यास लावू नये.

सेटिंगच्या पानावर प्रवेश

लॅपटॉप केबलने जोडावा. यंत्राचा मूळ पत्ता त्याच्या तळाशी चिकटविलेल्या चिठ्ठीवर असतो. लॅपटॉपला त्याच मालिकेतील दुसरा पत्ता द्यावा व ब्राउझरमध्ये यंत्राचा पत्ता लिहावा. आकडे इंग्रजी अंकांत लिहावयाचे असतात. आत गेल्यावर कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदलावा.

वेग व डुप्लेक्स

इथरनेट पोर्टच्या सेटिंगमध्ये वेग व डुप्लेक्स अशा दोन बाबी आढळतात. फुल डुप्लेक्समध्ये माहिती एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाहते. हाफ डुप्लेक्समध्ये एकेरी पुलावरील गाड्यांप्रमाणे आळीपाळीने. दोन्ही टोकांस ‘ऑटो’ ठेवणे हेच हिताचे होय, म्हणजे दोन्ही यंत्रे आपसात ठरवून घेतात. एका टोकास फुल डुप्लेक्स पक्के केले व दुसरे ऑटोवर राहिले, तर ऑटोचे टोक हाफवर जाते. मग दिवा लागलेला असतो, लहान संदेश जातात. पण कागदपत्रे जोडलेला मोठा अर्ज मध्येच अडतो. रांगेतील शेतकऱ्यास ‘उद्या या’ ऐकावे लागण्याचे हे एक कारण असू शकते. जुन्या स्विचमुळे वेग पक्का करणे भागच पडले, तर तो दोन्ही टोकांस सारखाच करावा.

आयपी पत्ता

यंत्रास पत्ता दोन प्रकारे मिळतो. राउटर आपण होऊन पत्ता वाटतो ती डीएचसीपी पद्धत, आणि हाताने लिहून दिलेला तो स्थिर पत्ता. मोबाईल व लॅपटॉप यांना पहिली पद्धत सोयीची. अ‍ॅक्सेस पॉइंटला मात्र स्थिर पत्ता द्यावा, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी तो शोधावा लागत नाही. उदाहरणार्थ, राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असून तो १०० ते २०० या क्रमांकांचे पत्ते वाटत असेल, तर पुढीलप्रमाणे लिहावे :

आयपी पत्ता : १९२.१६८.१.१०
सबनेट मास्क : २५५.२५५.२५५.०
गेटवे : १९२.१६८.१.१
डीएनएस : राउटरचा पत्ता, किंवा सेवा देणाऱ्याने दिलेला

निवडलेला पत्ता वाटपाच्या क्रमांकांबाहेरील असावा. एकच पत्ता दोन यंत्रांकडे गेल्यास दोघांचीही जोडणी तुटक होते. यंत्रात डीएचसीपी सर्व्हरची सोय असल्यास ती बंद ठेवावी. एका जाळ्यात दोघे पत्ते वाटू लागले म्हणजे काही मोबाईल चालतात, काही चालत नाहीत. पत्ता जतन करताच जुने पान तुटते. नवा पत्ता लिहून ते पुन्हा उघडावे.

कचेरीची चारी व गावाची चारी

गावकऱ्यांना मोफत वाय-फाय दिले असेल तर त्यांची वाहतूक व कचेरीचे संगणक वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. याकरिता व्हीलॅनचा उपयोग होतो. एकाच केबलमधून, क्रमांकाची खूण लावून, दोन वेगळी जाळी नेता येतात. जसे, कचेरीस १० व गावास २०. हे क्रमांक राउटर, स्विच व अ‍ॅक्सेस पॉइंट या तिन्ही ठिकाणी जुळावे लागतात. प्रथम राउटर व स्विच यांची मांडणी करून मग अ‍ॅक्सेस पॉइंटला हात लावावा. क्रम चुकल्यास यंत्र हाती लागत नाही. व्हीलॅनची सोय असलेला स्विच नसेल तर या सेटिंगला हातच लावू नये.

तपासणीचा क्रम

१. पोर्टचा दिवा लागला आहे काय? नसल्यास केबल, जोड व वीज पाहावी.
२. यंत्राच्या पानावर वेग व डुप्लेक्स काय दाखविले आहे? १००० ऐवजी १०० किंवा हाफ दिसल्यास केबल व दोन्ही टोकांचे सेटिंग तपासावे.
३. लॅपटॉपवरून गेटवेस पिंग करावे. उत्तर न आल्यास पत्ता, मास्क किंवा व्हीलॅन यांत चूक आहे.
४. गेटवे उत्तर देतो, पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे, फायबरच्या बाजूस आहे. तशी तक्रार सेवा देणाऱ्याकडे नोंदवावी.
५. आकड्यांचा पत्ता उत्तर देतो, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर डीएनएस तपासावा.

सर्व सुरळीत झाल्यावर यंत्राचा पत्ता, गेटवे, व्हीलॅनचे क्रमांक व मांडणीची तारीख कचेरीच्या वहीत लिहून ठेवावी. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात ठेवावा. माणसे बदलतात, यंत्र तेथेच राहते. नोंद नसल्यास रिसेटचे बटण दाबून सर्व मांडणी पुसावी लागते व काम पहिल्यापासून करावे लागते.

नांगरट पावसाआधी उरकावी, तशी ही तपासणी अर्जांची गर्दी होण्यापूर्वी, मे महिन्यातच उरकावी. त्यास एका सकाळहून अधिक वेळ लागत नाही. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा अर्ज त्या एका सकाळवर अवलंबून असतो.