आधी वडप्यात राहून बघा, मग स्कॉटलंडला जा!

रात्री मेसमध्ये हल्ली एक नवीन शब्द ऐकू येतो – 'डिजिटल नोमॅड'. म्हणजे लॅपटॉप पाठीवर टाकायचा, वाटेल त्या गावात राहायचं, काम एकीकडचं, पगार दुसरीकडचा आणि आपण तिसरीकडे! आमच्या विंगमधल्या एकाला तर स्कॉटलंडमधलं छोटंसं गावच पाहिजे. दगडी घरं, हिरव्या टेकड्या, मेंढ्या आणि वाय-फाय. सगळे हसले. मी हसलो नाही. कारण हा प्रयोग मी वडप्यात करून बसलोय आणि त्यात नापास झालोय. म्हणून हा छोटासा अभ्यास.

माझा प्रयोग

वडपे म्हणजे मुंबई-नाशिक महामार्गावरचं, भिवंडीजवळचं गाव. नाशिकच्या एसटीतून आपण तिथून शंभरदा जातो, पण उतरत कुणी नाही. आजूबाजूला गोदामंच गोदामं. ती इथं का आली? मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागायची. म्हणून माल हद्दीबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. शिवाय न्हावाशेवा बंदर आणि आग्रा रोड, दोन्ही सोयीचे. २०१७ साली जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं राहिली आणि वाढली. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला, तोही जवळच आमण्याला येऊन संपतो.

इंटर्नशिपच्या सेमिस्टरला मला बंगळूरच्या एका छोट्या कंपनीचं ऑनलाइन काम मिळालं. मामेभाऊ वडप्याला गोदामात सुपरवायझर होता, त्याने खोली बघून दिली. महिनाभरात त्याची चाकणला बदली झाली आणि मी एकटा उरलो. पण मला कशाची अडचण नव्हती. जेवण मोबाइलवरून, पैसे मोबाइलवरून, मित्र मोबाइलमध्ये. तीन महिने मी वडप्यात राहिलो, पण वडप्याला माझी गरज नव्हती आणि मला वडप्याची नव्हती. घरमालकीण काकी एकदा म्हणाल्याही, "आयलास कवा, जातस कवा, काय बी कलत नाय." मी नुसता हसलो आणि दार लावून घेतलं.

जुलैमध्ये ताप भरला. दोन दिवस मी दार उघडलं नाही. कंपनीने मेसेजवर 'टेक केअर' पाठवलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या हमालाने दार वाजवलं. तो उत्तर प्रदेशातला, दिवसभर ट्रक रिकामे करणारा. त्याने काकींना हाक मारली, रिक्षा आणली, दोघांनी मला भिवंडीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डेंग्यू. अजून दोन दिवस काढले असते तर अवघड होतं. केसपेपरवर पत्ता लिहायची वेळ आली, तर मला घरमालकाचं आडनावसुद्धा सांगता येईना. हमालाने सांगितलं. तो मोडक्यातोडक्या मराठीत काकींशी बोलायचा, गणपतीत मांडव बांधायला जायचा, किराणावाल्याकडे त्याची उधारीची वही होती. दोघंही परगावचे, पण गावात राहणारा तो होता. मी फक्त भाडं भरत होतो.

आता स्कॉटलंडकडे वळू

बरा झाल्यावर मी त्या मित्रासाठी स्कॉटलंडची माहिती काढली. एक गाव आपल्या ओळखीचं निघालं. गॅलाशील्स! एडिंबराच्या दक्षिणेला, डोंगराळ सीमाभागात. भिवंडी जशी यंत्रमागांची, तसं हे गाव लोकरीच्या गिरण्यांचं, ट्वीड कापडाचं. आता बहुतेक गिरण्या बंद आहेत, पण हेरियट-वॉट विद्यापीठाचा टेक्स्टाइलचा कॅम्पस तिथंच आहे. १९६९ मध्ये बंद झालेल्या रेल्वेमार्गाचा काही भाग २०१५ साली पुन्हा सुरू झाला, त्यामुळे एडिंबराहून थेट गाडी जाते.

जाणाऱ्याने पुढच्या गोष्टी समजून घ्याव्यात.

१) व्हिसा. ब्रिटनमध्ये डिजिटल नोमॅडसाठी वेगळा व्हिसाच नाही. ३१ जानेवारी २०२४ पासून पाहुण्याच्या व्हिसावर आपल्या देशातलं काम लॅपटॉपवर करता येतं, पण ते भेटीचं मुख्य कारण असता कामा नये, आणि मुक्काम एका वेळी साधारण सहा महिन्यांपर्यंतच. विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या कोर्सला, टर्म चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी चालते, पण स्वतंत्र धंदा किंवा फ्रीलान्सिंग चालत नाही. "क्लायंट इंडियातला आहे, कुणाला कळणार?" हे डोक्यातून काढा. व्हिसाच जाईल. नियम बदलत राहतात, अर्जाच्या वेळी ताजे वाचा.

२) घर. डिसेंबर २०१७ पासून स्कॉटलंडमध्ये खासगी भाडेकराराला शेवटची तारीख नसते. ठरावीक कारण असल्याशिवाय मालकाला बाहेर काढता येत नाही. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ते मालकाच्या खिशात न राहता मान्यताप्राप्त योजनेत जमा करावं लागतं.

३) दवाखाना. लांबच्या मुक्कामाच्या व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो. मग सरकारी सेवा मिळते. डॉक्टरने लिहून दिलेली औषधं स्कॉटलंडमध्ये २०११ पासून मोफत आहेत. पण स्थानिक डॉक्टरकडे नाव आपणच नोंदवायचं, आणि तेही आजारी पडण्याआधी. हे मी वडप्यात शिकलो!

४) उजेड. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, तर डिसेंबरमध्ये पावणेचारलाच सूर्य मावळतो. खोलीत एकटं बसणाऱ्याला हा अंधार खायला उठतो.

५) बोली. इंग्रजी येतं म्हणून निर्धास्त राहू नका. तिथले लोक 'यस'ला 'आय' म्हणतात, 'लहान'ला 'वी' आणि 'माहीत असणे' म्हणजे 'केन'. आगरी ऐकताना आपली होते तशीच गत.

सीमाभागातल्या या गावांत 'कॉमन रायडिंग' म्हणून जुनी प्रथा आहे. वर्षातून एकदा गावकरी घोड्यांवरून गावाच्या सामाईक जमिनीची शीव फिरून येतात. आपली पालखी गावातून फिरते ना, तसंच काहीसं. त्या दिवशी बाहेर येऊन उभा राहिला तो गावाला दिसतो. खोलीत बसला तो नाही.

उलटा प्रवास

आता गंमत बघा. गॅलाशील्सपासून जवळच लॉडर नावाचं लहान गाव आहे. तिथं १८०४ साली जन्मलेला एक माणूस १८२९ मध्ये मुंबईत उतरला. ते म्हणजे विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन. आल्यावर ते कोकणात हर्णैला जाऊन राहिले, कशासाठी? तर मराठी शिकायला! १८३२ मध्ये त्यांनी मुंबईत शाळा काढली, तिचंच पुढे कॉलेज झालं. त्याच सुमारास पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. त्या १८३५ मध्ये इथंच वारल्या. विल्सन मिशनरी होते, धर्मांतरावरून मुंबईत मोठे वादही झाले, ते विसरायचं कारण नाही. पण १८५७ च्या मोल्सवर्थ शब्दकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत मराठी भाषेच्या घडणीवरचं टिपण आहे, ते या लॉडरच्या माणसाचं. १८७५ मध्ये ते मुंबईतच गेले. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, इंटरनेट नव्हतं. दूध, पाणी, औषध, सगळ्यासाठी माणसाशी बोलावंच लागायचं. कदाचित म्हणूनच भाषा आली.

आपली अडचण हीच आहे. आपल्याला कुणाशी न बोलता जगता येतं. सोय आहे, पण तापात दार वाजवायला ॲप येत नाही.

तात्पर्य

जिथं जाल तिथं पहिल्या आठवड्यात चार कामं करा. शेजाऱ्याला नाव सांगा आणि त्याचं विचारा. एक वस्तू तरी रोज गावातल्या दुकानातून आणा. डॉक्टर शोधून ठेवा. तिथल्या बोलीतले दहा शब्द शिका, चुकले तरी बोला. गाव वडपे असो की गॅलाशील्स, रीत एकच.

आणि सुरुवात करायला विमानाचं तिकीट लागत नाही. आपल्या मेसमध्ये रोज पोळ्या वाढणाऱ्या मावशींचं नाव तुम्हाला माहीत आहे का? तीन वर्षं हॉस्टेलला राहून मला नव्हतं. परवा विचारलं. त्या आधी दचकल्या, मग हसून म्हणाल्या, "आता आठवण झाली होय रे बाबा?"

बघा, पटतंय का!