नाव, अक्षर आणि भिंत : कोका-कोला व ग्राफिटीच्या इतिहासातून धंद्याचे धडे

माल चांगला असेल तर गिऱ्हाईक आपणहून दुकानाची पायरी चढते, असे आपल्या बाजारपेठेत वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. ही गोष्ट खरी आहे, पण पुरती खरी नाही. मालाबरोबर नाव लागते, ते नाव लिहिणारा हात लागतो आणि ते चार लोकांना दिसेल अशी जागा लागते. या तिन्हींची मालकी कोणाची, हा प्रश्न आमचे व्यापारी आणि कारागीर बंधू बहुधा विचारीत नाहीत. म्हणून या लेखात आम्ही अमेरिकेतील दोन इतिहास शेजारी शेजारी ठेवीत आहोत. एक आहे कोका-कोला या शीतपेयाचा आणि दुसरा भिंतींवर नावे रंगविणाऱ्या ग्राफिटी कलेचा. दोन्हींत कमावणारे आहेत आणि हातचे गमावणारेही आहेत.

औषधाच्या दुकानातील सरबत

जॉन पेंबरटन हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील अटलांटा शहराचा औषधविक्रेता. १८६५ साली यादवी युद्धात तो जखमी झाला आणि वेदना शमविण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचे त्याला व्यसन जडले. पुढे त्याने कोकाची पाने आणि मद्य यांपासून एक टॉनिक तयार करून विकावयास काढले. १८८६ मध्ये अटलांटात दारूबंदी लागू झाली, तेव्हा त्याने मद्य वगळून साखरेच्या पाकाचे नवे पेय बसविले. ८ मे १८८६ रोजी जेकब्ज फार्मसी या दुकानात ते सोड्यात मिसळून ५ सेंटला एक ग्लास या भावाने विकले गेले. पहिल्या वर्षी दिवसाला सरासरी नऊ ग्लास खपले, असे कंपनीच सांगते. आपल्याकडे एखाद्या गल्लीतील सरबतवाल्याचा खपही यापेक्षा जास्त असेल.

पेंबरटनचा हिशेबनीस फ्रँक रॉबिन्सन याने या पेयाला नाव दिले. कोकाचे पान आणि कोलाचे फळ या दोन शब्दांची जोडी ऐकायला गोड वाटते, हे त्याने हेरले. त्या काळी हिशेबनीस आपल्या वहीत वळणदार अक्षर काढीत. त्याच वळणात रॉबिन्सनने ते नाव लिहिले. आज जगभर ओळखले जाणारे ते अक्षर म्हणजे खतावणी लिहिणाऱ्या एका माणसाच्या हाताचे वळण होय.

पेंबरटनने मात्र आजारपणात आणि पैशाच्या ओढगस्तीत आपले हक्क तुकड्या-तुकड्यांनी विकून टाकले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या हाती काही राहिले नव्हते. एसा कँडलर या दुसऱ्या औषध व्यापाऱ्याने ते विखुरलेले हक्क सुमारे २,३०० डॉलर्समध्ये गोळा केले, १८९२ मध्ये कंपनी स्थापन केली आणि ३१ जानेवारी १८९३ रोजी नावाची सरकारदरबारी नोंदणी करून घेतली. रॉबिन्सन शहाणा निघाला. तो कँडलरला जाऊन मिळाला आणि नव्या कंपनीच्या संस्थापकांत त्याचे नाव लागले. १९१९ मध्ये हीच कंपनी २ कोटी ५० लाख डॉलर्सना विकली गेली. ज्याने पेय तयार केले, त्याच्या घरात यातला एक डॉलरही आला नाही.

भिंत बोलू लागली

कँडलरने मालाइतकेच लक्ष नावाकडे दिले. फुकट ग्लासाची कुपने वाटली. दुकानदारांना घड्याळे, कॅलेंडरे आणि पाट्या दिल्या, आणि प्रत्येक वस्तूवर तेच एक अक्षर. १८९४ मध्ये जॉर्जिया राज्यातील कार्टर्सव्हिल गावी एका औषध दुकानाच्या बाहेरील भिंतीवर कोका-कोलाची पहिली रंगीत जाहिरात काढली गेली. ती कंपनीच्या एका फिरत्या विक्रेत्याने रंगविली होती. नंतर या भिंतीवर रंगाचे अनेक थर चढले. ते खरवडून मूळ अक्षर पुन्हा उघडे करण्यात आले असून लोक आजही ते पाहावयास जातात.

भिंतीवरची जाहिरात वर्तमानपत्राप्रमाणे दुसऱ्या दिवशी रद्दीत जात नाही. वाचता न येणाराही तिचा आकार ओळखतो. दुकानदाराला भिंत फुकट रंगवून मिळते आणि कंपनीला जागा मिळते. आपल्याकडे खेड्यापाड्यांतील दुकानांच्या भिंती आणि शटर कंपन्यांनी रंगविले, त्यामागचे गणितही हेच.

कागदावर काय लिहिले?

या इतिहासात करारांच्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही आमच्या बंधूंनी ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत.

१८९९ मध्ये चॅटानूगा येथील दोन वकील, थॉमस आणि व्हाइटहेड, कँडलरकडे आले. हे पेय बाटलीत भरून विकण्याचा हक्क त्यांना हवा होता. बाटलीच्या धंद्यात काही दम नाही, असे कँडलरला वाटले आणि त्याने केवळ १ डॉलरला हक्क लिहून दिले. तो डॉलरही त्याने वसूल केला नाही. करारात पाकाचा भाव ठरला, पण मुदत ठरली नाही. पुढे बाटलीचा धंदा अफाट वाढला, साखर महागली, तरी कंपनी जुन्या भावात अडकून पडली. अखेर १९२१ मध्ये तडजोड करून नवा करार करावा लागला. मुदत नसलेला कागद मोठ्या पेढीलाही कसा जेरीस आणतो, त्याचे हे उदाहरण होय.

दुसरी गोष्ट बाटलीची. बाजारात नकली मालाचा सुळसुळाट झाला, तेव्हा कंपनीने १९१५ मध्ये काचेच्या कारखानदारांपुढे अट ठेवली : अंधारात हाताला लागली किंवा फुटून तुकडे पडले, तरी ओळखू यावी अशी बाटली हवी. इंडियाना राज्यातील टेरे हॉट गावच्या रूट ग्लास कंपनीत साचे करणारा कारागीर अर्ल डीन याने कोकोच्या शेंगेचे चित्र समोर ठेवून तिच्यासारख्या उभ्या रेघांची, पोटाकडे फुगीर बाटली आखली. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी तिचे पेटंट मंजूर झाले, पण त्यावर नाव होते कारखान्याचा अधीक्षक अलेक्झांडर सॅम्युएलसन याचे. हात डीनचा आणि कागद दुसऱ्याचा. भिवंडीच्या मागावर नवी वीण काढणारा किंवा मुंबईच्या कारखान्यात दागिन्याचा नवा साचा करणारा कारागीर यात आपलीच कहाणी पाहील.

पैसा नसलेल्यांनी नाव कसे लिहिले?

आता दुसरा इतिहास. भिंतीवर नाव कोरण्याची खोड माणसाला फार जुनी आहे. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या भिंतींवर दुकानदारांचे, उमेदवारांचे आणि टवाळखोरांचे मजकूर सापडले. ग्राफिटी हा इटालियन शब्दही ओरखडणे या अर्थावरून आला आहे. आजच्या ग्राफिटीची सुरुवात मात्र १९६० नंतरच्या दशकात फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क येथील गरीब वस्त्यांतून झाली.

तिचे मुख्य हत्यार एका साध्या गरजेतून निघाले होते. १९४९ मध्ये इलिनॉय राज्यातील रंगाचे व्यापारी एडवर्ड सेमोर यांना घर उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरसाठी अॅल्युमिनियमचा रंग विकावयाचा होता. रंग आणि दाबाखालचा वायू एकाच डब्यात भरून तो फवारता येईल, अशी सोय त्यांनी केली. हाच तो स्प्रेचा डबा. वीस वर्षांनी तो रस्त्यावरील पोरांच्या हाती पडला.

फिलाडेल्फियात 'कॉर्नब्रेड' या टोपणनावाचा मुलगा शहरभर आपले नाव लिहीत सुटला. न्यूयॉर्कमध्ये निरोप्याचे काम करणाऱ्या एका तरुणाने आपल्या टोपणनावापुढे रस्त्याचा क्रमांक जोडून 'टाकी १८३' असे मार्कर पेनने जागोजाग लिहिले. २१ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली आणि शेकडो मुले त्याच्या मागे लागली. या मुलांजवळ जाहिरातीला पैसा नव्हता, पण एकच नाव, एकच वळण आणि पुन्हा पुन्हा तेच, ही कँडलरची रीत त्यांनी न शिकता उचलली. भुयारी रेल्वेचे डबे म्हणजे त्यांची फिरती भिंत झाली.

पण डबा दुसऱ्याच्या मालकीचा होता आणि प्रवासी त्रासले होते. १९८४ पासून रेल्वेने नियम केला की, एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगला तर धुतल्याशिवाय मार्गावर सोडावयाचा नाही. नाव लोकांना दिसेनासे झाले, तशी लिहिण्याची हौस ओसरली. १२ मे १९८९ रोजी शेवटचा रंगलेला डबा काढून घेण्यात आला.

तोवर काहीजण भिंतीवरून बाजारात पोहोचले होते. कीथ हॅरिंग १९८० पासून स्टेशनांवर, रिकाम्या जाहिरातीच्या चौकटींतील काळ्या कागदावर खडूने चित्रे काढीत असे. १९८६ मध्ये त्याने स्वतःचे दुकान उघडून तीच चित्रे शर्टांवर आणि बिल्ल्यांवर सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत विकली. ज्याँ-मिशेल बास्किया याने 'सॅमो' या नावाखाली भिंतीवर लिहिण्यापासून सुरुवात केली. १९८८ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी तो वारला. त्याचे १९८२ सालचे एक चित्र १९८४ मध्ये १९,००० डॉलर्सना गेले होते, तेच २०१७ च्या लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलर्सना विकले गेले.

परवानगी आणि हक्क

भिंत रंगविणारा पोरगा गुन्हेगार आणि कंपनी मात्र जाहिरातदार, असा भेद कायदा करीत नाही. भेद परवानगीचा आहे. मनाली ते रोहतांग रस्त्यावरील हिमालयाच्या खडकांवर शीतपेय कंपन्यांच्या जाहिराती रंगविल्या गेल्या, तेव्हा २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली आणि कोका-कोला व पेप्सीसह इतर कंपन्यांनाही दंड भरावा लागला. आपल्या राज्यातही मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा १९९५ पासून आहे.

उलट, परवानगीने काम केलेल्या कारागिराला कायदा संरक्षणही देतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात 'फाइव्ह पॉइंट्झ' या जुन्या कारखान्याच्या भिंती मालकाच्या संमतीने कलावंतांनी रंगविल्या होत्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत त्यांवर पांढरा रंग फासला. कलावंत कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये न्यायाधीशांनी २१ जणांना मिळून ६७ लाख ५० हजार डॉलर्स भरपाई देवविली. अपिलातही हा निकाल टिकला.

आपल्या देशातही असा हक्क आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ मध्ये उतरविले गेले आणि त्याची नासधूस झाली. कृतीचे पैसे घेतल्यावरही कर्त्याचा तिच्यावरील नैतिक हक्क उरतो, असे मानून दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ५ लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत देण्याचा हुकूम दिला.

नावाची ताकद : मुंबईचे उदाहरण

१९७७ मध्ये परकी भांडवलाच्या नियमांवरून कोका-कोलाने भारत सोडला. त्याच वर्षी मुंबईच्या पार्लेने 'थम्स अप' बाजारात आणले. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावे विकत घेतली. त्यातले थम्स अप गिऱ्हाइकाच्या जिभेवर असे बसले होते की जगातील एवढ्या बड्या कंपनीलाही ते पुसता आले नाही. आजही ते खपते. कारखाना, यंत्रे, गाड्या यांची किंमत वर्षागणिक उतरते, पण जपलेल्या नावाची चढते.

आपण काय करावे?

१. दुकानाचे किंवा मालाचे नाव चालू लागले की ट्रेड मार्क कायद्याखाली त्याची नोंदणी करावी. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. वीस वर्षे चाललेले नाव दुसऱ्याने नोंदविल्यावर कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यात अर्थ नाही.

२. नाव एकाच अक्षरात, एकाच रंगात लिहावे. पाटीवर एक, बिलावर दुसरे आणि पिशवीवर तिसरे, असे करू नये.

३. कोणताही करार मुदतीशिवाय आणि भाव बदलण्याच्या कलमाशिवाय करू नये. भाऊबंदांतील व्यवहार असला तरी तो कागदावर असावा.

४. नवा नमुना काढणाऱ्या कारागिराने तो कोणाच्या नावे नोंदला जाणार, हे काम सुरू करण्यापूर्वीच मालकाशी बोलून लिहून घ्यावे. मालकानेही कारागिराचा वाटा द्यावा. असा कारागीर दुसऱ्या कारखान्याचे दार ठोठावीत नाही.

५. भिंत रंगविण्यापूर्वी मालकाची आणि जेथे लागेल तेथे नगरपालिकेची लेखी परवानगी घ्यावी.

फ्लेक्सच्या छपाईने पाट्या रंगविणाऱ्या पेंटरांचे आणि संगणकाने कातिबांचे काम हिरावले, हे आम्ही पाहिले आहे. पण कोका-कोलाचे नाव यंत्रातून निघालेले नाही, ते हाताच्या वळणातून निघाले. ज्यांच्या हातात अजून ते वळण आहे, त्यांनी ते मोलमजुरीच्या भावात विकू नये. त्याखाली आपली सही करावी आणि त्याचा कागद आपल्या घरी ठेवावा.